खटक्यावरची तारीख

बाबल्या कानशीने तारीख घासत होता. भाट्याच्या खाडीकाठी वाळूवर ओढून ठेवलेल्या चौदा होड्यांपैकी तेरा उरकल्या होत्या. ही शेवटची, शेजारच्या हिराची. आकडे पितळेवर पंचने ठोकलेले. ठोकताना त्याने हात राखला नव्हता, म्हणून ते आता जाता जात नव्हते.

"बाबा, जरा लवकर. तो माणूस हातखंब्याला पोचलाय," हेतल म्हणाली. ही त्याची मुलगी, पुण्याच्या एका कंपनीत इंजिनिअर. पहाटेच्या गाडीने आली होती आणि अजून तिने चहाही घेतला नव्हता.

घासायची वस्तू मुठीत मावेल एवढीच. भर समुद्रात होडीची मशीन बंद पडली आणि खाऱ्या पाण्याने बॅटरीने मान टाकली, की ठिणगी पडत नाही. मग आत बसलेल्याने देवाचं नाव घ्यायचं. बाबल्याने गॅसच्या लायटरमधला खडा काढला, त्याच्यामागे दणकट स्प्रिंग बसवली आणि वर एक दांडी लावली. दांडी ओढली की खट् वाजायचं आणि ठिणगी पडायची. सगळे त्याला खटकाच म्हणत. ज्या दिवशी होडीवर बसवला त्या दिवसाची तारीख बाबल्या त्याच्या अंगावर ठोकून द्यायचा. तिथून पाच वर्षं मोजायची आणि स्प्रिंग बदलायची, नाहीतर ऐन वेळी ती दगा देते. वहीत लिहायची सवय त्याला कधीच नव्हती. होडीवर वही भिजते.

तोच खटका आता पेटंटात जाऊन बसला होता. बिनपायलटच्या विमानाचं इंजिन हवेत विझलं तर ते पुन्हा पेटवण्याचं साधन, असं हातभर लांब नाव घेऊन. खाली शोध लावणारी म्हणून हेतलचं नाव. अर्ज दोन वर्षांपूर्वीचा, आणि होड्यांवरच्या तारखा त्याच्याही आधीच्या. गेल्या महिन्यात कुणीतरी हौसेने खटक्याचा व्हिडिओ टाकला, तो दुसऱ्या एका कंपनीने पाहिला आणि हरकत घेतली. त्यांचाच माणूस आज होड्या तपासायला येत होता. हे साधन आधीपासून वापरात होतं एवढं ठरलं, की पेटंट रद्द. हेतलची नोकरीही त्याच्याबरोबर गेली असती.

"मीटिंगमध्ये मी नुसतं चित्र काढून दाखवलं," तिने आल्या आल्या सांगितलं होतं. "सगळे टाळ्या वाजवायला लागले. तुमचं नाव सांगायचं राहून गेलं, बाबा."

राहून गेलं म्हणे. एसटीत छत्री राहते तसं. बाबल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण लहानपणी हीच पोर त्याच्याजवळ टॉर्च धरून बसायची, हात दुखला तरी हलवायची नाही. तो उठला आणि कानस शोधू लागला.

"तारखा कागदावर तरी उतरवून घेतो गो," पहिल्या होडीला कानस लावण्याआधी तो म्हणाला होता.

"कागद म्हणजे पुरावाच ना, बाबा."

तासाभराने तो माणूस आला. वागायला सभ्य, बुटांत वाळू गेल्यामुळे वैतागलेला. त्याने खटक्याचे फोटो काढले आणि चकचकीत जागेवर बोट ठेवलं. "हे घासलंय का?"

"खाऱ्यान हिरवा पडता. घासूकच लागता," बाबल्या म्हणाला.

"बनवलं कुणी?"

बाबल्याने हेतलकडे पाहिलं. ती खाडीकडे बघत होती.

"पोरीन शिकवला. गेल्या साली गणपतीला आली होती, तेव्हा. मी आपला हातोडी मारणारा. मला काय कळतंय ह्यातला?"

पुढच्या प्रश्नांची उत्तरंही त्याने पाठ करून ठेवली होती. चित्र कुठे काढलं, खडा कुठून आणला, सगळं. पण त्या माणसाने वही मिटली आणि तो हसला.

"वाटलंच मला. आमच्या साहेबांना मी म्हणत होतो, असलं डोकं होडीवाल्यांकडे कुठून येणार?"

त्याने जबाब लिहिला, बाबल्याने खाली सही केली. गाडी वळणाआड गेली तशी हेतल जवळ आली. तिचे डोळे भरले होते. "थँक्यू, बाबा," ती म्हणाली. बाबल्याने कानस फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली. पोरीने बापाला थँक्यू म्हणायची वेळ घरात पहिल्यांदाच आली होती.

एवढा वेळ हिरा पलीकडे जाळं शिवत बसली होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं, तिनेही तोंड उघडलं नव्हतं. तिचा मुलगा धोंडू तीन वर्षांपूर्वी वादळातून ह्याच खटक्यावर घरी आला होता. ती उठली आणि घासलेल्या जागेवरून तिने बोट फिरवलं. काहीच हाताला लागलं नाही.

"बाबल्या, उद्या माझा धोंडू होडी काढतोय. ह्याची पाच वर्षां कधी भरतत?"

बाबल्याने रांगेतल्या चौदा होड्यांवरून नजर फिरवली. घासलेल्या तारखांची डोक्यात सरमिसळ झाली होती, कुठला कधी बसवला ते त्याला आठवेना. नव्या स्प्रिंगा कोल्हापूरहून यायच्या, त्यात महिना जायचा.

"मला नको विचारू," तो हिराला म्हणाला आणि त्याने हेतलकडे बोट केलं. "हिला विचार. शोध तिचा आहे."