तापणारा लॅपटॉप

पाक रुस्मान, म्हणजे रुस्मानसाहेब, यांनी कोड लिहायच्या एडिटरसाठी बनवलेलं प्लगिन इंडोनेशियातल्या बांडुंगमधले बरेच प्रोग्रामर वापरायचे. अलीकडे मात्र तक्रारी येत होत्या, की एडिटर उघडला की प्रोसेसरवर सगळा भार येतो आणि लॅपटॉप तव्यासारखा तापतो. रुस्मान सगळ्यांना एकच ऐकवायचे, "दुसऱ्या कुणाचं तरी प्लगिन असेल. माझ्या कामात खोट निघणार नाही."

त्यांची मुलगी इमास नुकतीच प्रोग्रामर म्हणून नोकरीला लागली होती. तिनं एकेक प्लगिन बंद करून पाहिलं आणि जेवताना हळूच वडिलांकडे विषय काढला.

"अबाह, रागावू नका. तुमचंच आहे. फाइल बदललेली नसली तरी ते ती सारखी वाचत बसतं."

रुस्माननी ताट सरकवून कोड उघडला. ओळ न् ओळ तपासली.

"दुरुस्त कसं करायचं?"

"केलंय मी."

ते उठले आणि तडक बाहेर पडले. इमास त्यांच्या मागे दारापर्यंत गेली. एवढ्यात कोपऱ्यावरच्या वारुंगमधून, म्हणजे चहा-कॉफीच्या टपरीवरून, त्यांचा आवाज आला.

"कॉफी माझ्याकडून रे सगळ्यांना. आजवर कुणालाच सापडली नाही, ती माझी चूक माझ्या पोरीनं धरली."