किंचित गुलाबी

बॉयलरचं पाणी तपासायला आलेल्या हिल्काने तपासणीचे थेंब टाकलेली काचेची नळी खिडकीच्या उजेडात धरली. पाणी अगदी नितळ. गुलाबी छटा नावालाही नव्हती.

"म्हणजे?" वेइयोने विचारलं. उत्तर त्याला कळलं होतं, तरी विचारलं.

"म्हणजे गंज अडवणारं औषध बॉयलरच्या पाण्यात उरलेलं नाही."

पुठ्ठ्याची गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती. इमारत गोठू नये एवढी ऊब नगरपालिका ठेवत होती, बाकी सगळं वाऱ्यावर. आता चाळीस कामगार मिळून गिरणी घेणार होते आणि वेइयो त्यांचा म्होरक्या होता. नव्या बॉयलरची ऐपत कुणाचीच नव्हती. जुना आतून गंजला असेल, तर सगळं मुसळ केरात.

दाराशी केट्टुनेन भंगारवाला घड्याळ बघत उभा होता. गिरणीच्या आवारात त्याचा माल पडलेला असे. बॉयलर मोडीत निघाला तर तो त्यालाच मिळायचा होता.

"आटपा लवकर," तो गुरकावला.

"गिधाडाला धीर नाही," वेइयो म्हणाला.

"गिधाड मेलेलंच खातं. मेलंय का, ते आधी हिला विचार."

हिल्काचं लक्ष नमुन्याच्या रिकाम्या बाटलीकडे होतं. तिने एकदम कपाळावर हात मारला.

"गाढव आहे मी! सकाळी ही बाटली घासूनपुसून लख्ख केली."

"मग? स्वच्छता वाईट असते का?"

"इथे असते. हे औषध कोऱ्या काचेला चिकटून बसतं, पाण्यात उरतच नाही. नमुन्याची बाटली घासायची नसते, त्याच पाण्याने पुन्हा पुन्हा विसळायची. पहिल्या वर्षी शिकवतात हे!"

तिने बाटली सहा वेळा विसळली, भरून ठेवली, ओतली, पुन्हा भरली. अर्धा तास गेला. केट्टुनेनने आठ्या घालूनच आपल्या थर्मासमधली कॉफी तिघांत वाटली.

मग तिने ते पाणी नळीत घेऊन पुन्हा तपासणीचे थेंब टाकले. पाणी हळूहळू गुलाबी झालं.

वेइयोला हसू आणि रडू एकदमच आलं. "टिकलं! अरे, टिकलं!"

हिल्काने नळीतला रंग छटांच्या पट्टीशी ताडून पाहिला.

"लोखंड शाबूत असणार," ती म्हणाली. "पण मला एक कळत नाही. औषध दोन वर्षं टिकत नाही. महिन्याच्या महिन्याला घातल्याशिवाय एवढं उरूच शकत नाही. आणि इथे तर कुणीच नव्हतं."

"महिन्याच्या पहिल्या सोमवारी घालायचं," केट्टुनेन टोपी चढवत म्हणाला, "आणि मग तासभर पंप फिरवायचा. माझी कंबर आता ऐकत नाही, पुढचं तुम्ही बघा."