वाटीभर साखर

दहिवडीच्या अंजनाचे कांदा-लसूण चटणीचे व्हिडिओ लोक आवडीनं बघू लागले, तशी तिनं चटणीच विकायला काढली. आज फोनवर आलेल्या ऑर्डरींत एक पत्ता भिंतीपलीकडचा निघाला, शेजारच्या क्रांतीचा. एरवी चटणीला वाटी घेऊन येणारी क्रांती हल्ली फिरकलीच नव्हती.

अंजना बरणी घेऊन स्वतःच गेली.

"आता तुजा धंदा हाय. फुकट मागाय बरं वाटंना," क्रांती म्हणाली.

"बरं. माजी साखर संपलीया, वाटीभर दे."

क्रांतीनं शिगोशीग वाटी भरून दिली. अंजनानं फोन काढला. "पैसं कुठं धाडू?"

"साखरंचं पैसं घिऊ व्हय तुज्याकडनं?" क्रांती तडकली.

अंजनानं तिथंच क्रांतीचे चटणीचे पैसे माघारी पाठवले. घरी येऊन वाटीतली साखर तिनं आधीच भरलेल्या डब्यात कशीबशी ओतली.