घरचं माणूस

पहिल्या निवडणुकीची मतदारयादी तयार होत होती. आपलं नाव सांगायला बायका लाजत, म्हणून गोदावरीबाई वकील अकोल्याजवळच्या गावांत रोज दारोदार फिरत.

"गण्याची माय, असंच लिवा न बाई. माह्या नावानं मले कोन हाक मारते?"

"मी मारीन. काय नाव तुझं?"

"मनकर्णा," ती हळूच म्हणाली.

अशी चारशे नावं यादीत चढली. मग स्वतःचा उमेदवारी अर्ज भरायला बाई कचेरीत गेल्या, तर यादीत त्यांचंच नाव नव्हतं.

कारकून ओशाळला. "नाव घरच्या माणसानंच सांगा लागते, बाई. मी चारदा आलो, चारीदा दाराले कुलूप."


मग त्यानं सहज विचारलं, "घरी दुसरं कोनीच नाही काय?"