चौथ्या मजल्यावरचं ताट

“एकाला जेवू घातल्याबिगर चातुर्मासात घास घ्यायचा नाय गो,” सासूबाई सांगून गेल्या. गडब गावातल्या आमच्या ओटीवर कुणीतरी असायचंच. इथं पेणला, स्टेशनजवळच्या स्वस्त घरांतून, सकाळी सातच्या गाडीनं सगळे पनवेलला कामाला जातात. रोज जेवणारा वॉचमन आज रजेवर. दुपारी दोनला ताट घेऊन मी जिने चढले. सगळीकडे कुलपं. चौथ्या मजल्यावर गजांच्या दारामागे एक म्हातारबाबा दिसले. “जेवता का, बाबा?” “जेवतो की! सुनेनं ठेवलेला डबा एकट्याला जात नाय. पन दार बाहेरून बंद हाय. दोनदा गाव शोधायला निघालो, हरवलो. तिनंच रडत कुलूप लावलं.” गजांतून ताट जाईना. बाबा हसले, “नैवेद्य दाखवल्यासारखं झालं गो! जा, जेव तू.” “तुमच्याआधी नाही. आलेच.” खाली येऊन भाकरीत भाजी घालून बारीक सुरळ्या केल्या, पदराखाली झाकल्या आणि पुन्हा जिना चढू लागले.