भिंतीपलीकडचा रेडिओ

नळावरच्या भांडणापासून वच्छला आणि शेजारच्या पार्वतीबाई एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्यातच वच्छलाच्या पोरीला उघड्यावरचं कापलेलं टरबूज बाधलं. जुलाब थांबेनात, तेव्हा सासूनं तिचं पाणीच बंद केलं. "पाणी देशीन तं अजून होईन."

दुपारी भिंतीपलीकडून रेडिओ खणखणला. "मातांनो, जुलाबात बाळाचं पाणी बंद करू नका. उकळून गार केलेल्या तांब्याभर पाण्यात साखर आणि चिमूटभर मीठ घाला. चमच्या-चमच्यानं पाजत राहा." रेडिओ तेच तेच पुन्हा सांगत राहिला.

"रेडिओ खोटं थोडीच बोलते," म्हणत सासूनंच चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी पोरीनं भात मागून खाल्ला. वच्छला अंगणात आली, तर पार्वतीबाईंचे यजमान देवाजी सायकलच्या कॅरिअरवरून रेडिओ सोडत होते.

"भाऊजी, तुमच्या रेडिओनं पोरगी वाचवली."

"यानं? हा तं होळीपासून सदर बाजारातल्या दुकानात दुरुस्तीले पडून होता. आत्ता घेऊन येऊन राहिलो."

आत पार्वतीबाई खोकल्या. त्यांचा घसा पार बसला होता.

भांडणानंतर पहिल्यांदाच वच्छलानं त्यांच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "अवं आकाशवाणीबाई, पोरगी जेवली वं!"