पाहणाऱ्याचं नाव

बसकार्डाच्या खिडकीवरची कारकूनबाई हट्टाला पेटली होती. समोरचा माणूस रोज यायचा.

"बायको घर सोडून गेलीय, ताई. कुठे उतरते, एवढंच सांगा."

"ज्याचं कार्ड, त्यालाच सांगते. तुम्ही या आता."

तो समोरच्या बाकावर जाऊन बसायचा. बरोबर अकराला त्याच्या बायकोच्या प्रवासातला एक थांबा संगणकावर आपोआप उघडायचा आणि खाली नोंद पडायची. पाहणाऱ्याचं नाव कारकूनबाईचंच.

तिने तीनदा पासवर्ड बदलला. आज तर कीबोर्डची वायर उपटली, संगणकाचा पडदा भिंतीकडे फिरवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. बघतेच आता, ती पुटपुटली.

अकरा वाजले. बाकावरचा माणूस उठला.

"शेवटचा थांबाही कळला, ताई. उद्यापासून त्रास नाही देणार."